दुखऱ्या जागेची नळी

लाल पट्टी चुकीच्या नळीवर होती.

मी अंगठ्याने नळीवरचं दव पुसलं आणि पुन्हा वाचलं. रुग्ण क्रमांक सव्वीस. शस्त्रक्रियागृहातल्या सिस्टरने लिहिलेली जागा स्पष्ट होती : ‘वाटीच्या वर’. त्याखाली लाल पट्टी. लाल म्हणजे दुखरी जागा, पांढरी म्हणजे न दुखणारी. माझ्या दुसऱ्या हातातल्या फॉर्मवर मात्र, माझ्याच अक्षरात, याच बाईची दुखरी जागा लिहिलेली होती : ‘आतली बाजू’.

“काय शोधताय, ताई?” मागून येमूलकाका म्हणाले.

“काही नाही. सव्वीसची नळी बघत होते.”

“ती तुमच्या हातातच आहे की ओ.”

ते हसले आणि शीतपेटीचं दार धरून उभे राहिले, मी नळी परत ठेवायची वाट बघत. मी ठेवली. त्यांनी दार लावलं, किल्ली फिरवली आणि खिशात टाकली. किल्ली ते रोजच खिशात टाकत. त्या दिवशी मला ते पहिल्यांदा दिसलं.

या गोष्टीला आता सोळा वर्षं झाली. सोलापूरच्या एका ट्रस्टच्या हाडांच्या दवाखान्यात, दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांची आमची प्रयोगशाळा होती. प्रमुख डॉ. शैलजा हंचाटे. त्यांच्या हाताखाली मी, हेमा बार्शीकर, पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षाला. आणि व्यंकटेश येमूल, तंत्रज्ञ, वय बावन्न. येमूल सतरा वर्षं तिथे होते आणि सतरा वर्षं हंगामी होते. त्यांना कायम करावं अशी शिफारस मॅडमनी त्या वर्षी केली होती. मार्चअखेरच्या बैठकीत ट्रस्ट निर्णय घेणार होता. वयाची अट बघता ही शेवटचीच संधी, हे त्यांनाही माहीत होतं आणि आम्हालाही.

काम असं होतं. गुडघ्याच्या सांध्याला आतून पातळ अस्तर असतं. त्यातल्या पेशी सांध्याचं वंगण तयार करतात. गुडघे दुखायला लागले की सगळे बघतात ते झिजेकडे : कूर्चा झिजली, हाडावर हाड घासलं, दुखलं. मॅडमचा संशय अस्तरावर होता. त्या म्हणत, या अस्तरातल्या पेशी नुसत्या बाजूला उभ्या राहून तमाशा बघत नाहीत. त्या बिथरतात, सूज आणणारी द्रव्यं सोडतात आणि दुखणं पेटतं ठेवतात. हे खरं असेल, तर एकाच गुडघ्यात दुखऱ्या जागेच्या अस्तरातल्या पेशी आणि न दुखणाऱ्या जागेच्या पेशी वेगळ्या वागायला हव्यात.

ते तपासायला सोलापूरइतकं योग्य गाव नव्हतं. बिड्या वळणाऱ्या बायका तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षं मांडीवर सूप घेऊन जमिनीवर बसलेल्या. साठीला येईपर्यंत गुडघे कामातून गेलेले. गुडघा बदलताना जे अस्तर काढून टाकलं जायचं त्यातले तीन तुकडे आम्ही त्यांच्या संमतीने घ्यायचो : आतली बाजू, बाहेरची बाजू आणि गुडघ्याच्या वाटीच्या वरची जागा. आदल्या दिवशी मी वॉर्डात जाऊन बाईंना विचारायचे, सगळ्यांत जास्त कुठे दुखतं, कुठे दुखत नाही. ते फॉर्मवर लिहायचे. फॉर्म बघून नळ्यांना लाल आणि पांढरी पट्टी लागायची. मग त्यातल्या थोड्या पेशी काचेच्या बाटल्यांत तीन आठवडे वाढवायच्या आणि त्यांनी सोडलेली द्रव्यं मोजायची; उरलेला तुकडा नळीतच, शीतपेटीत राहायचा.

पहिल्या चौदा बायकांच्या बाबतीत काहीच निघालं नाही. लाल आणि पांढरी सारखीच. कधी तर उलटं. मग दिवाळी झाली आणि पंधराव्या रुग्णापासून आकडे एकदम सुधारले. लाल बाटलीतल्या पेशी पांढरीच्या तिप्पट द्रव्य सोडत होत्या. एकदा नाही, दर वेळी.

“म्हटलं नव्हतं मी?” मॅडम म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी स्वतः चहा मागवला.

मलाही आनंद झाला. तो साधारण आठवडाभर टिकला. मग मी स्वतःला एक साधा प्रश्न विचारला : दिवाळीत काय बदललं? बायका त्याच वस्त्यांतल्या, शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर विजापुरे तेच, बाटल्या त्याच, यंत्र तेच. बदललं होतं एकच. दिवाळीपर्यंत पट्ट्या मी लावत होते. नंतर माझ्याकडे मोजणीचं काम वाढलं आणि पट्ट्या येमूलकाका लावायला लागले.

जानेवारीतली गड्ड्याची जत्रा सुरू झाली होती. त्या दिवसांत शस्त्रक्रिया कमी असतात. येमूल जेवायला खाली गेले की मी शीतपेटी उघडायचे. किल्लीची दुसरी प्रत मी मॅडमच्या खणातून घेऊन ठेवली होती. तीन दिवसांत मी पंधरा ते सव्वीस अशा बारा रुग्णांच्या नळ्या आणि फॉर्म शेजारी शेजारी ठेवून पाहिले. तीन जुळले. नऊ जुळले नाहीत.

एकदा असं काही दिसलं की माणूस पूर्वीचं सगळं नव्याने बघायला लागतो. मी खोलीत शिरले की येमूल शीतपेटीचं दार लावायचे. वॉर्डातल्या बायकांशी ते तेलुगूत बोलायचे आणि मी जवळ गेले की बोलणं थांबायचं. शेंगाचटणीच्या, कडक भाकरीच्या पुरचुंड्या त्यांच्या टेबलावर यायच्या. कशाबद्दल? एक तंत्रज्ञ रुग्णांसाठी असं काय करतो? आणि त्यांच्या शर्टाच्या खिशात एक जाड निळा पेन असायचा, शस्त्रक्रियेआधी कातडीवर खुणा करायला वापरतात तसला. आमच्या प्रयोगशाळेत कातडीवर खूण करायचं कामच नव्हतं.

खाली फाटकावर मी सहज विचारलं, “येमूलकाका किती वाजता येतात हो?”

“ते व्हय? सातला,” वॉचमन म्हणाला. “रोज नाही. ज्या दिवशी आपरेशन असतंय त्या दिवशी.”

हजेरीपटावर त्यांची वेळ नऊची होती.

मी मॅडमकडे गेले. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“सरळ बोल. तुला काय म्हणायचंय?”

“येमूल पट्ट्या बदलतायत.”

“पट्टी शस्त्रक्रियेच्या दिवशी लागते. निकाल तीन आठवड्यांनी कळतो. आधी लावलेली पट्टी नंतरच्या निकालाशी जुळते, ती कशी?”

“नंतर बदलता येते, मॅडम. किल्ली त्यांच्याकडे असते.”

“बघितलंस?”

“बदलताना नाही. पण बारापैकी नऊ पट्ट्या माझ्या फॉर्मशी जुळत नाहीत. आणि निकाल चांगला आला की कोणाचा फायदा, ते तुम्हाला माहीत आहे.”

“सतरा वर्षं ओळखते मी त्याला,” त्या म्हणाल्या. मग चष्मा लावला. “लिहून दे. पण एक लक्षात घे. लेखी तक्रार आली की ती मला ट्रस्टकडे पाठवावीच लागते. मागे घेता येत नाही.”

मी दीड पान लिहिलं. रुग्ण क्रमांक, तारीख, फॉर्मवरची जागा, नळीवरची जागा, पट्टीचा रंग. त्यात एकही विशेषण नव्हतं. संध्याकाळच्या डाकेत ते पाकीट गेलं.

दुसऱ्या दिवशी सत्ताविसाव्या रुग्णाची शस्त्रक्रिया होती. नरसाबाई मादगुंडी, वय चौसष्ट, खाट अकरा. आदल्या दिवशी मीच तिचा फॉर्म भरला होता. दुखरी जागा, आतली बाजू. शस्त्रक्रिया अकरा वाजता होती. मी सकाळी सातला वॉर्डाच्या दाराशी उभी होते. येमूलना रंगेहाथ पकडायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

ते खाटेजवळ जमिनीवर बसले होते. नरसाबाई खाटेवर होती, एक पाय दुमडलेला, दुसरा लांब केलेला, आणि तिच्या मांडीवर एक सूप होतं. दवाखान्यात सूप! रिकामं. ती हसत हसत हवेतच बिडी वळल्यासारखी बोटं चालवत होती आणि शेजारच्या खाटेवरची बाई तोंडाला पदर लावून हसत होती. येमूल तेलुगूत काहीतरी म्हणाले. मला त्यातला ‘नोप्पी’ एवढा एकच शब्द कळला. दुखणं. नरसाबाईने सूप बाजूला ठेवलं आणि ती खाटेवरून खाली उतरायला लागली. उतरताना तिचा चेहरा आवळला गेला, हात गुडघ्यावर गेला. येमूलनी खिशातून निळा पेन काढला आणि त्या हाताखाली, कातडीवर, एक फुली मारली.

वाटीच्या वर.

“येमूल, हे काय चाललंय?”

काका म्हणायचं माझ्या लक्षात राहिलं नाही. ते उठून उभे राहिले. पेन अजून हातातच होता.

“विचारत होतो ताई.”

“विचारायचं काम माझं आहे. मी काल विचारलंय. फॉर्म भरलाय.”

“हो.”

“मग हे कशासाठी? आणि पेन कुणाला विचारून?”

त्यांनी पेनाला टोपण लावलं. उत्तर नरसाबाईने दिलं. “बसा की ओ मॅडम. सकाळी सकाळी कशाला त्यांच्यावर चिडताय?”

मी तिच्याकडे वळले. “मावशी, काल तुम्ही मला काय सांगितलं होतं? गुडघा कुठं दुखतो?”

“आतल्या अंगाला.”

“आणि आज?”

तिने येमूलकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चुकीचं उत्तर दिलं की काय, अशी शंका तिच्या डोळ्यांत होती. “हितं,” तिने फुलीवर बोट ठेवलं. “दुखतंय हितंच. आधीपासनं.”

“मग काल आतल्या अंगाला का म्हणालात? यांनी शिकवलं का तुम्हाला हे?”

“अगं बाई! हे कशाला शिकवतील?” नरसाबाईला माझा प्रश्नच वेडगळ वाटला. “काल तुमच्या आधी मोठे डाक्टर आलते की. फोटो धरला असा खिडकीकडं. म्हणले, बघा मावशी, हितं झिजलंय, हितंच दुखतंय ना? मी म्हणलं हो. एवढा मोठा माणूस, मशिनीतनं फोटो काढून सांगतोय. त्यानंतर तुम्ही आलात कागद घेऊन. तुम्हाला निराळं सांगितलं तर डाक्टर खोटे पडतेत की!”

शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, “मी बी तसंच सांगितलं. आतल्या अंगाला.”

“तुमचं कुठं दुखतं?”

“माझं वरच. पण फोटोत आत आलंय म्हणं.”

मी येमूलना बाहेर व्हरांड्यात यायला सांगितलं.

“सूप कुणाचं?”

“आमच्या आईचं. तिनं चाळीस वर्षं बिड्या वळल्या.” ते कठड्याला टेकून उभे राहिले. “या बायकांना ‘कुठं दुखतं’ विचारून कळत नाही ओ. त्या म्हणतेत, सगळंच दुखतंय. नाहीतर डॉक्टर म्हणाले तिथं. काम करून उठताना पहिला हात कुठं जातो, ते बघायचं. हात खोटं बोलत नाही.”

“आणि तुम्ही माझा फॉर्म बाजूला ठेवून पट्टी लावत होतात?”

“हो.”

“बारापैकी नऊ.”

त्यांनी चमकून पाहिलं. मी मोजलंय, हे त्यांना त्या क्षणी कळलं. “म्हणजे शीतपेटी तुम्ही उघडत होता,” ते म्हणाले.

“मला सांगितलं का नाहीत?”

“सांगितलं होतं. दसऱ्याच्या सुमारास. तुम्ही सेंट्रिफ्यूजपाशी होता. मी म्हणालो, ताई, बायका राऊंडमध्ये ऐकलेलं उत्तर देतेत. तुम्ही म्हणालात, काका, फॉर्म प्रमाणित आहे.”

मला आठवलं. मी मान वर न करता म्हणाले होते.

“मग मॅडमना सांगायचं.”

“मॅडमना सांगितलं असतं तर तुमच्या चौदा रुग्णांचं काय झालं असतं? दीड वर्षाचं काम.” त्यांनी पेन खिशात टाकला. “फॉर्मवर खाडाखोड करायचा मला अधिकार नव्हता. पट्टी माझ्या हातात होती.”

हे सगळं ऐकूनही मी त्यांच्यावर विश्वास ठेवला, असं म्हटलं तर ते खरं होणार नाही. सूप आणि फुली ही चांगली गोष्ट होती, आणि चांगली गोष्ट रचताही येते. नरसाबाई त्यांच्या भाषेतली, त्यांच्या समाजातली. शिवाय निकाल बघून पट्टी बदलणाऱ्या माणसाने सकाळी सातची ही हजेरी आडोसा म्हणून लावली नसेल कशावरून?

त्यांच्या गोष्टीत तपासता येण्याजोगं एकच होतं. मी वर गेले आणि माझे सत्तावीस फॉर्म टेबलावर पसरले. चोवीस फॉर्मवर ‘आतली बाजू’. मग क्ष-किरण विभागातून सत्तावीस अहवाल मागवले. झीज कुठे जास्त, ते त्यावर लिहिलेलं असतं. चोवीस जणींची झीज आतल्या बाजूला. उरलेल्या तिघींची बाहेरच्या. माझ्या तीन फॉर्मवरही बाहेरची बाजूच होती, त्याच तिघींच्या.

सत्तावीसपैकी सत्तावीस. माणसं आपल्या दुखण्याबद्दल इतकी एकमताने कधीच बोलत नाहीत. हा आकडा दुसऱ्या कुणाच्या कामात दिसला असता तर मी पहिल्याच दिवशी संशय घेतला असता. राऊंड नऊला, मी दहाला. दीड वर्ष मी बायकांना विचारत नव्हतेच. डॉक्टर विजापुऱ्यांचं उत्तर त्यांच्या तोंडून लिहून घेत होते.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम राऊंडच्या मागे उभी राहिले. विजापुरे चांगला माणूस, हात सोन्याचा. त्यांनी फिल्म उजेडात धरली. “हे बघा आजी, गुडघा म्हणजे बिजागरी. इथं घासलीय. इथंच दुखतं ना?”

“व्हय जी,” आजी म्हणाली. तिचा हात मात्र पांघरुणाखाली दुसरीकडेच दाबत होता.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं, फॉर्म आणि अहवाल स्वतः ताडून पाहिले. मग त्या म्हणाल्या, “तुझी तक्रार पोचली असेल.”

“हो.”

“त्यातलं काही खोटं आहे?”

“नाही.”

“येमूलने पट्ट्या बदलल्या. बदलल्याची नोंद केली नाही. हे त्याला मान्य आहे. निकाल बघून बदलल्या की निकालाआधी, हे आता कुणाला सिद्ध करता येणार नाही. त्यालाही नाही, तुलाही नाही.” त्यांनी कागद एकावर एक रचले. “पुढच्या सहा बायका. राऊंडआधी येमूल विचारेल, कागदावर लिहील, पाकीट बंद. राऊंडनंतर तू विचारशील, लिहिशील, पाकीट बंद. दोन्ही पाकिटं माझ्या घरी. पट्ट्या नाहीत. नळ्यांवर सिस्टर नुसते आकडे टाकतील, कुठला आकडा कुठल्या जागेचा ते त्यांनाच माहीत. शीतपेटीच्या दोन्ही किल्ल्या माझ्याकडे द्या.”

येमूलनी किल्ली काढून टेबलावर ठेवली. “चालेल मॅडम,” ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, “तुमची पण ठेवा, मॅडम.”

मला ते तोवर कधी मॅडम म्हणाले नव्हते.

सहा शस्त्रक्रियांना दोन आठवडे लागले, पेशी वाढायला आणखी तीन. त्या पाच आठवड्यांत आम्ही दोघं एकाच खोलीत, एकाच पंख्याखाली काम केलं. बाटल्यांतलं पोषकद्रव्य बदलायचं, सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं, नोंद करायची. प्रत्येक नोंदीवर दोन सह्या. त्यांनी मला कामापुरतंच विचारलं आणि मी कामापुरतंच उत्तर दिलं. एकदा मी विचारलं, “तक्रारीबद्दल तुम्हाला कोणी सांगितलं?”

“ट्रस्टचं पत्र आलं. खुलासा मागितलाय.”

“काय लिहिलंत?”

“पट्ट्या बदलल्या, असं लिहिलं.”

“का बदलल्या, ते?”

“ते लिहिलं तर तुमचे फॉर्म येतेत त्यात.” त्यांनी बाटली उजेडात धरली. “ही धुरकट दिसतीय का बघा.”

बाटली धुरकट नव्हती. त्यांचं हे गप्प राहणं मला उपकारासारखं वाटलं नाही. मला वाटलं, पाकिटं उघडायच्या आधीच मला बांधून घेतायत. त्या महिन्यात मी कशाचाच सरळ अर्थ लावत नव्हते.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात मॅडमनी आम्हाला बोलावलं. टेबलावर बारा पाकिटं, सिस्टरची यादी आणि माझ्या मोजणीचे आकडे. आकडे मीच काढले होते, पण कुठला आकडा गुडघ्यातल्या कुठल्या जागेचा, हे मला माहीत नव्हतं. मॅडम एकेक रुग्ण घेत गेल्या. आधी सिस्टरच्या यादीवरून जागा, मग दोन्ही पाकिटं.

“पहिली. सगळ्यांत बिथरलेल्या पेशी वाटीच्या वर. हेमा, आतली बाजू. येमूल, वाटीच्या वर.”

“दुसरी. वाटीच्या वर. हेमा, आतली. येमूल, वर.”

तिसरीला आम्ही दोघांनीही आतली बाजू लिहिली होती आणि पेशीही तिथेच बिथरलेल्या होत्या. चौथीला तिन्ही जागा सारख्याच निघाल्या, तिथे कोणीच जिंकलं नाही. पाचवीची बाहेरची बाजू, झीज नसलेली. येमूलच्या कागदावर तीच होती. सहावी पुन्हा वाटीच्या वर.

सहापैकी येमूल पाच. मी एक, तीही त्यांच्याबरोबरची.

मॅडमनी शेवटचं पाकीट खाली ठेवलं. त्यांचा संशय खरा ठरला होता. दुखणं झिजेच्या मागे जात नव्हतं, अस्तराच्या मागे जात होतं. दीड वर्ष त्या या दिवसाची वाट बघत होत्या, पण त्या दिवशी चहा कोणी मागवला नाही.

“सहा बायका म्हणजे काही नाही,” त्या म्हणाल्या. “पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. जुने सगळे सत्तावीस बाद. हेमाचे फॉर्म चुकीचे म्हणून, आणि येमूलच्या पट्ट्या बरोबर असूनसुद्धा, नोंद नाही म्हणून.”

“चालेल,” येमूल म्हणाले.

मी त्याच दुपारी दुसरं पत्र लिहिलं. माझे फॉर्म चुकीचे होते, कसे चुकले, येमूलनी मला आधी सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही, निकाल बघून पट्ट्या बदलल्याचा माझा संशय निराधार होता. सोबत सहा रुग्णांचे आकडे जोडले. हे पत्रही दीड पानाचं झालं.

मॅडमनी वाचून सही केली. “पहिलं मागे घेता येणार नाही. हे त्याला जोडता येईल. पण हेमा, ट्रस्टी डॉक्टर नाहीत. पहिलं पत्र त्यांना कळेल. हे त्यांना समजावून सांगावं लागेल.”

“मी जाऊन सांगते.”

“बोलावलं तर.”

त्यांनी बोलावलं नाही. एकतीस मार्चला दुपारी शिपाई पत्र घेऊन आला. येमूल बाटल्या धूत होते. त्यांनी हात पुसले, पाकीट फोडलं, उभ्यानेच वाचलं आणि माझ्यासमोर धरलं. नोंदींमध्ये परस्पर बदल केल्याचे संबंधितांनी मान्य केले असल्याने सेवेत कायम करण्याच्या प्रस्तावाचा विचार करता येत नाही. हंगामी नेमणूक पूर्वीप्रमाणे सुरू राहील. माझ्या दुसऱ्या पत्राचा उल्लेख शेवटच्या ओळीत होता : अवलोकन केले.

“मी पुन्हा लिहिते,” मी म्हणाले. “मॅडमना घेऊन अध्यक्षांकडे जाते. त्यांना कळलंच नाहीये हे...”

“मॅडम,” ते मला म्हणाले, “तुम्ही पहिल्या पत्रात लिहिलं ते खरंच होतं.”

त्यांनी पत्राची घडी घातली आणि शर्टाच्या खिशात, निळ्या पेनशेजारी ठेवली. मग पुन्हा नळ सोडला. दोन-तीन बाटल्या धुऊन झाल्यावर, पाठमोरेच, त्यांनी विचारलं, “उद्याची बाई कोण?”

“अंबूबाई चिलका. खाट चार.”

“राऊंड नऊला आहे. सातला सुरू करू.”

दुसऱ्या दिवशी मी पावणेसातला वॉर्डात गेले. ते आधीच येऊन खाटेच्या डाव्या बाजूला जमिनीवर बसले होते. सूप अंबूबाईच्या मांडीवर होतं. मला बघून त्यांनी मान हलवली, पण सरकून जागा केली नाही. मी वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेले आणि फॉर्म मिटून जमिनीवर बसले.